रोडिओतल्या बायका आणि समान बक्षिसाचा मुद्दा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोडिओतल्या बायकांचा विषय निघाला की थोड्याफार फरकाने हेच प्रश्न येतात. उत्तरं देताना टेनिस, फुटबॉल, क्रिकेट, घोड्यांच्या शर्यती यांच्याकडेही वळावं लागतं, कारण मैदानात कोणाला सोडायचं आणि पैसे कोणाला किती द्यायचे, याचं राजकारण सगळीकडे सारखंच आहे. काही उत्तरं लांबली आहेत. ज्यांना नुसते नियम हवेत त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

रोडिओ म्हणजे नेमकं काय? त्यात बायका कुठे दिसतात?

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुराख्यांच्या रोजच्या कामातून हा खेळ उभा राहिला. त्यात दोन तऱ्हेचे प्रकार असतात. पहिल्या तऱ्हेत उसळणाऱ्या जनावरावर आठ सेकंद टिकायचं आणि पंचांनी गुण द्यायचे. बिनखोगिराचा बेअरबॅक, खोगिराचा सॅडल ब्रॉंक (ब्रॉंक म्हणजे उसळणारा घोडा) आणि बुल रायडिंग हे या तऱ्हेत येतात. दुसरी तऱ्हा घड्याळाची. दोर टाकून वासरू पकडून त्याचे पाय बांधणं, दोघांनी मिळून बैल दोरात घेणं, धावत्या घोड्यावरून झेप घेऊन बैल शिंगांना धरून लोळवणं, आणि पिंपांभोवती घोडा पळवायचं बॅरल रेसिंग.

यातलं बॅरल रेसिंग बायकांचं. पुरुषांची मोठी संघटना पीआरसीए, बायकांची डब्ल्यूपीआरए. बहुतेक मोठ्या रोडिओंत दोन्ही संघटना शेजारी शेजारी नांदतात. वर्षाच्या शेवटी नॅशनल फायनल्स रोडिओ भरतो. वर्षभरात प्रत्येक प्रकारात सर्वाधिक बक्षीस कमावणाऱ्या पहिल्या पंधरा जणांनाच त्यात प्रवेश मिळतो, आणि १९८५पासून तो लास व्हेगासला होतो (२०२०चा अपवाद, त्याबद्दल खाली). इथे पगार नसतो. प्रवेश फी, डिझेल, घोड्याचं खाणं, पशुवैद्य, सगळं खेळाडूच्या खिशातून जातं आणि हरलं तर एक पैसाही परत येत नाही.

उसळत्या घोड्यांवर आणि बैलांवर बसायला बायकांना सुरुवातीपासूनच मनाई होती का?

नव्हती, आणि हेच लोकांना खरं वाटत नाही. १९०४ साली वायोमिंग राज्यातल्या चेयेनच्या फ्रंटियर डेज या रोडिओमध्ये बर्था केपरनिक ब्रॉंकवर बसली होती. ल्युसिल मलहॉल पुरुषांच्या बरोबरीने बैलांवर दोर टाकायची. फॉक्स हेस्टिंग्ज घोड्यावरून झेपावून बैल लोळवायची. टॅड लुकास ब्रॉंकही चालवायची आणि धावत्या घोड्यावरच्या कसरतींतही तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सर्वोत्तम महिला स्पर्धकाला दहा हजार डॉलरचा एक चषक होता. तीनदा जिंकून तिने तो कायमचा घरी नेला. १९२०च्या दशकात या बायका तिकिटं खपवत होत्या, वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो छापून येत होते.

म्हणजे त्यांना आत येऊ द्यावं का, असा वादच नव्हता. त्या आतच होत्या. पुढे त्यांना बाहेर काढलं गेलं.

एका अपघातामुळे बायकांचं ब्रॉंक रायडिंग बंद झालं, असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे.

ओरेगन राज्यातल्या पेंडल्टन राऊंड-अपमध्ये सप्टेंबर १९२९मध्ये बॉनी मॅकॅरोल ही नावाजलेली स्वार ब्रॉंकवरून पडली, घोडा तिच्या अंगावर आला आणि काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. पेंडल्टनने बायकांचं ब्रॉंक रायडिंग बंद केलं. इतर आयोजकांना आयतं कारण मिळालं.

आता अपघात कसा झाला ते बघा. बायकांना तेव्हा ‘बांधलेल्या रिकिबी’ घेऊन बसवलं जायचं. घोड्याच्या पोटाखालून पट्टा घेऊन दोन्ही बाजूंच्या रिकिबी एकमेकींना जखडून टाकायच्या. त्यामुळे रिकिबी झुलत नाहीत आणि स्वार खोगिरात घट्ट बसते. बायकांसाठी सोय म्हणून ही पद्धत आणलेली होती. पण घोडाच कोलमडला तर स्वाराला पाय झटकन बाहेर काढून बाजूला पडता आलं पाहिजे. जखडलेल्या रिकिबीत नेमकं तेच जमत नाही. मॅकॅरोलचा पाय अडकला तो तिथेच. पुरुष मोकळ्या रिकिबींनी बसत. जी सोय ‘नाजूक’ म्हणून बायकांना दिली तिनेच धोका वाढवला, आणि मग धोका आहे म्हणून बायकांनाच घरी बसवलं. पुरुष स्वारही रिंगणात मरत होते. त्यांच्या मरणाने पुरुषांचा प्रकार कधी रद्द झाला नाही.

बाकीचं अर्धं कारण पैशाचं आणि संघटनेचं. त्याच १९२९ साली रोडिओ आयोजकांची संघटना स्थापन झाली आणि तिने ठरवलेल्या प्रकारांत बायकांचा प्रकार नव्हता. १९३६ साली बॉस्टनमध्ये पुरुष खेळाडूंनी बक्षिसाच्या रकमेवरून संप केला आणि स्वतःची संघटना काढली. पीआरसीएची मुळं तिथे आहेत. हा संप रास्त होता, पण त्यातून आलेल्या वाटाघाटीत बायकांच्या वतीने बोलणारं कोणी नव्हतं. मग आर्थिक मंदी, मग युद्ध. १९४२पर्यंत मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमातूनही बायकांचं ब्रॉंक रायडिंग गेलं होतं.

‘स्पॉन्सर गर्ल’ हा काय प्रकार होता?

टेक्ससमधल्या स्टॅमफर्ड गावच्या काऊबॉय रियुनियनने १९३१ साली काढलेली शक्कल. आसपासच्या गावांनी आणि व्यापाऱ्यांनी एकेक तरुणी पाठवायची, तिने मिरवणुकीत छान दिसायचं, घोडा चालवून दाखवायचा. गुण कशाला, तर पोशाखाला, घोड्याच्या रुबाबाला आणि थोडेसे स्वारीला. काही वर्षांपूर्वीच ज्या खेळात बायका बैल लोळवत होत्या, तिथे त्यांचं काम आता शोभेचं झालं. बॅरल रेसिंगचं मूळ मात्र याच समारंभात आहे, हेही खरं. पिंपांभोवती घोडा फिरवून दाखवणं हा त्यातलाच एक भाग होता.

१९४८ साली काय घडलं?

त्याआधी १९४७ साली नॅन्सी बिनफर्ड आणि थीना मे फार या दोघींनी टेक्ससमधल्या ॲमरिलोला फक्त बायकांचा रोडिओ भरवून दाखवला. तो चालला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सॅन अँजेलोला ३८ जणी जमल्या आणि त्यांनी गर्ल्स रोडिओ असोसिएशन स्थापन केली. १९८१ साली तिचं नाव डब्ल्यूपीआरए झालं.

त्यांच्या मागण्यांत मला सर्वांत हुशारीची वाटते ती एक गोष्ट : गुण नकोत, वेळ मोजा. पोशाख, रूप, पंचांची मर्जी हे सगळं एका फटक्यात बाद. पिंपांचा नकाशा ठरलेला, अंतरं ठरलेली, आणि घड्याळ सांगेल ती विजेती. ज्या खेळाडूंकडे पंच आधी बाई म्हणून बघतो त्यांच्यासाठी घड्याळासारखा साक्षीदार नाही. बॅरल रेसिंग टिकलं आणि वाढलं यामागे हे एक मोठं कारण आहे.

बॅरल रेसिंग म्हणजे पिंपांभोवती घोडा पळवायचा. यात अवघड ते काय?

तीन पिंपं त्रिकोणात. प्रमाण मापाच्या रिंगणात पहिल्या दोन पिंपांमध्ये ९० फूट, तिसरं त्या दोघांपासून १०५ फूट. घोडा भरधाव आत येतो, पहिल्या पिंपाला वळसा, दुसऱ्याला उलट्या बाजूने, मग तिसऱ्याला, आणि तिथून सरळ बाहेर. वरून पाहिलं तर तिपानी आकार दिसतो. पिंप पडलं की पाच सेकंदांचा दंड, म्हणजे व्यावसायिक पातळीवर खेळ खलास. गुडघा पिंपाला घासला तरी चालतो, ते डुगडुगून उभं राहिलं तरी चालतं. स्वार कधी कधी हाताने ते सावरते, त्याला परवानगी आहे.

अर्ध्या टनाचं जनावर पूर्ण वेगात असताना त्याला नेमक्या पावलावर मागच्या पायांवर बसवायचं, पिंपाला लगटून वळवायचं आणि पुन्हा उसळी घ्यायला लावायचं. एक पाऊल आधी वळलात तर पिंप आडवं, एक पाऊल उशिरा वळलात तर वळण रुंद. घड्याळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतं आणि पहिल्या-पाचव्या नंबरात कित्येकदा दहाव्या भागाइतकंही अंतर नसतं.

शार्मेन जेम्स आणि तिचा घोडा स्कँपर यांचा १९८५चा किस्सा या खेळातले सगळे सांगतात. राष्ट्रीय फायनलच्या एका फेरीत रिंगणात शिरतानाच स्कँपरचा लगाम तुटला. तोंडात लगाम नाही, म्हणजे वळवायला आणि थांबवायला काही नाही. पण तिन्ही पिंपं तशीच झाली आणि ती फेरी त्यांनी जिंकली. हा घोडा तिच्या वडिलांनी ११०० डॉलरला घेतला होता, आणि तो लोकांना पाडतो म्हणून बदनाम होता. त्याच्यावर तिने १९८४ ते १९९३ अशी सलग दहा विश्वविजेतेपदं घेतली. पहिलं मिळालं तेव्हा ती १४ वर्षांची होती. २००२ साली दुसऱ्या घोड्यावर अकरावं.

तरीही ‘पिंपांभोवती पळवायचा’ म्हणणारे भेटतातच. त्यांना एकदा साध्या दुडक्या चालीत पिंपाला वळसा घालायला सांगावं.

मग रोडिओत बायकांना पुरुषांइतके पैसे मिळतात का?

बॅरल रेसिंगमध्ये, हो. आणि ते आपोआप झालेलं नाही. १९८०च्या सुमारास डब्ल्यूपीआरएने देशभरच्या आयोजकांना कळवलं, की १९८५पर्यंत बॅरल रेसिंगचं बक्षीस इतर प्रकारांइतकं करा, नाहीतर आमच्या खेळाडू येणार नाहीत. तोपर्यंत बॅरल रेसिंग प्रेक्षकांचा लाडका प्रकार झाला होता, त्यामुळे धमकीला वजन होतं. बहुतेक आयोजक वठणीवर आले. सगळ्यांत मोठ्या व्यासपीठावर, म्हणजे नॅशनल फायनल्समध्ये, समान बक्षीस यायला १९९८ उजाडलं. बॅरल रेसिंगला त्या फायनलमध्ये जागा १९६७पासून होती. तीन दशकं त्याच रिंगणात, त्याच प्रेक्षकांसमोर खेळायचं आणि कमी पैसे घ्यायचे.

१९८७ साली जेम्सने त्या फायनलमध्ये पाठीवर ‘१’ हा नंबर लावला होता. तो नंबर त्या वर्षी सर्वाधिक कमाई करून आलेल्याला मिळतो. पुरुष धरून. हे कोणत्याही बाईच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. बक्षीस समान व्हायला त्यानंतरही अकरा वर्षं लागली.

पण ‘समान’ हा शब्द एका प्रकारापुरता आहे, हे विसरू नये. पुरुषांना कमावण्याच्या सहा वाटा आणि बायकांना एक, असं असेल तर त्या एका वाटेवरची समानता पुरेशी कशी?

ब्रेकअवे रोपिंगचं एवढं कौतुक का होतंय?

कारण ती दुसरी वाट आहे.

प्रकार असा : वासरू सुटतं, स्वार घोड्यावरून दोर टाकते आणि फास वासराच्या मानेत पडला की घोडा थांबवते. दोराचं दुसरं टोक खोगिराच्या पुढच्या खुंटाला बारीक सुतळीने बांधलेलं असतं आणि त्याला एक फडकं असतं. वासरू दोर ताणतं, सुतळी तुटते, फडकं उडतं, घड्याळ थांबतं. चांगली वेळ दोन-अडीच सेकंद. वासराला ठरलेली आघाडी मिळण्याआधी स्वाराने घोड्यासमोर ताणलेली अडसराची दोरी तोडली तर दहा सेकंद दंड. पापणी लवायच्या आत संपतो, म्हणून पहिल्यांदा बघणाऱ्याला काहीच कळत नाही. दुसऱ्या फेरीपासून मजा येते.

गंमत अशी, की शाळा-कॉलेजच्या रोडिओत हा प्रकार मुली कित्येक वर्षं खेळत आल्या आहेत. दोर टाकण्यात हात बसवून मुलगी कॉलेजातून बाहेर पडायची, आणि पुढे मोठ्या व्यावसायिक रोडिओत तिच्यासाठी दोराचा प्रकारच नसायचा. शेळी बांधण्याच्या प्रकाराचं आजही तेच आहे. पीआरसीएच्या रोडिओंनी ब्रेकअवे मोठ्या प्रमाणावर घ्यायला सुरुवात केली ती २०१९च्या आसपास. २०२० साली साथीमुळे राष्ट्रीय फायनल टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला बेसबॉलच्या मैदानात हलली, आणि तिथेच ब्रेकअवेची पहिली राष्ट्रीय फायनल झाली. जॅकी क्रॉफर्ड विश्वविजेती ठरली. तेव्हा ती गरोदर होती.

लास व्हेगासला परत आल्यावर मात्र ब्रेकअवेची फायनल मुख्य स्पर्धेच्या रिंगणात न होता वेगळ्या जागी, मुख्य स्पर्धा सुरू होण्याआधी भरवली गेली. वेळ नाही, कार्यक्रम लांबतो, अशी कारणं दिली जातात. दोन सेकंदांच्या खेळासाठी वेळ नाही, हे जरा अतिच झालं.

बायकांची ताकद कमी, म्हणून वेगळे प्रकार, यात चूक काय?

ज्या खेळात धावणं, उचलणं, फेकणं आहे तिथे वेगळे गट असण्याला शारीरिक आधार आहे, आणि ते गट नसते तर बायकांना पदकंच मिळाली नसती. ते कोणी नाकारत नाही. पण घोडा मध्ये आला की हिशेब बदलतो. घोड्याला ताकदीने कोणीच हरवू शकत नाही, पुरुषही नाही. तिथे तोल, हात, वेळ साधणं आणि जनावराशी जमणं चालतं.

ऑलिंपिकमधला घोडेस्वारीचा इतिहास याची साक्ष देतो. १९५२ साली घोड्याकडून शिस्तबद्ध हालचाली करून घेण्याचा ड्रेसाज प्रकार बायकांना खुला झाला आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेलने पुरुषांशी खेळून रौप्यपदक घेतलं. पोलिओमुळे तिच्या गुडघ्याखालच्या भागात जोर नव्हता. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. आज ऑलिंपिकमधल्या घोडेस्वारीत स्त्री-पुरुष एकाच यादीत खेळतात. शर्यतींचंही तेच. १९६९ साली फ्लोरिडात डायन क्रंप पहिल्यांदा शर्यतीला उतरली तेव्हा गर्दीतून पोलिसांच्या कड्यात तिला न्यावं लागलं. १९९३ साली ज्युली क्रोनने बेलमाँट स्टेक्स जिंकली, २०१५ साली मिशेल पेनने मेलबर्न कप, आणि २०२१ साली रेचल ब्लॅकमोरने ग्रँड नॅशनल.

रोडिओतही टीम रोपिंगमध्ये बायका पुरुषांच्या जोडीने उतरतात.

बायकांचे सामने कमी लोक बघतात. मग पैसे सारखे कशाला द्यायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो फालतू नाही. व्यावसायिक खेळ प्रेक्षकांच्या आणि प्रक्षेपणाच्या पैशावर चालतो हे खरंच आहे. पण प्रेक्षक कमी का, हे विचारायचं राहून जातं.

२६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, केर लेडीज या महिला फुटबॉल संघाचा सामना बघायला सुमारे ५३,००० लोक आले होते. एका वर्षाच्या आत, डिसेंबर १९२१मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना फर्मान काढलं, की बायकांच्या सामन्यांना मैदान देऊ नका; हा खेळ बायकांना योग्य नाही. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं राहिली. त्या पन्नास वर्षांत पुरुषांच्या फुटबॉलला स्टेडियम मिळाली, रेडिओ मिळाला, टीव्ही मिळाला, बापाकडून मुलाकडे जाणारा संघाचा अभिमान मिळाला. आणि मग बायकांना म्हणायचं, की तुमचा बाजार कुठे आहे?

रोडिओची गोष्ट हीच आहे, फक्त दशक पुढचं. दोन्हीकडे गर्दी होती तेव्हाच दार लागलं.

आणखी एक. बक्षिसाची रक्कम नुसती तिकीटबारीवर ठरत नाही. संघटनेचा निधी, प्रायोजक, प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकायचे की वेगळे, हे सगळं माणसं बसून ठरवतात. पुरुषांचे आणि बायकांचे हक्क एकाच गठ्ठ्यात विकले तर बायकांच्या सामन्यांची किंमत किती हे कोणाला कळणार?

टेनिसमध्ये समान बक्षीस कसं आलं?

भांडून. १९७० साली लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीला १,५०० डॉलर ठेवले होते. बिली जीन किंगसह नऊ जणींनी ती स्पर्धा सोडली आणि ग्लॅडिस हेल्डमन या संपादिकेच्या पुढाकाराने ह्यूस्टनला वेगळी स्पर्धा खेळली. करार प्रत्येकी एक डॉलरचा. संघटनेने निलंबनाची भीती घातली होती. १९७३ साली डब्ल्यूटीए ही महिला टेनिसपटूंची संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी यूएस ओपनने बक्षीस समान केलं. विम्बल्डनने मान्य करायला २००७ उजाडलं.

बॉबी रिग्ज हा पुरुष टेनिसपटू विरुद्ध किंग हा १९७३चा सामना सगळ्यांना आठवतो, पण माझ्या मते खरी लढाई ती एक डॉलरची होती. ५५ वर्षांच्या माणसाला हरवण्यापेक्षा आपल्याच संघटनेसमोर उभं राहणं जास्त जोखमीचं.

‘समान मानधन’ अशी बातमी आली की त्यात काय बघावं?

मानधन कशाचं, ते बघावं. सामन्याची फी, वार्षिक करार, स्पर्धेचं बक्षीस, प्रवासाची आणि सरावाची सोय, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातमीचा मथळा त्यातली एकच पकडतो.

भारतीय क्रिकेट मंडळाने ऑक्टोबर २०२२मध्ये करारबद्ध महिला खेळाडूंना पुरुषांइतकी सामना फी जाहीर केली : कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. पाऊल मोठंच होतं. पण त्या वेळी वार्षिक करारात पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची आणि महिलांची ५० लाखांची होती. शिवाय फी सामन्यामागे मिळते, आणि वर्षाला कसोट्याच एक-दोन वाट्याला आल्या तर १५ लाखांचा आकडा कागदावर शोभून दिसतो, इतकंच.

आयसीसीने २०२३ साली आपल्या स्पर्धांचं बक्षीस समान करायचं ठरवलं. २०२५च्या महिला एकदिवसीय विश्वचषकाचं एकूण बक्षीस १ कोटी ३८ लाख ८० हजार डॉलर होतं, पुरुषांच्या २०२३च्या विश्वचषकापेक्षा जास्त. फुटबॉलमध्ये फिफाचं अंतर अजून मोठं आहे : पुरुषांना २०२२ साली ४४ कोटी डॉलर, महिलांना २०२३ साली ११ कोटी. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने त्यावर एक तोड काढली. महिला खेळाडूंनी २०१९ साली दावा लावला होता; २०२२ साली २ कोटी ४० लाख डॉलरला तडजोड झाली आणि पुढच्या करारात असं ठरलं, की दोन्ही संघांनी विश्वचषकात मिळवलेलं बक्षीस एकत्र करून वाटायचं. पुरुष खेळाडूंनी याला संमती दिली, हे आवर्जून सांगण्यासारखं आहे.

बाळंतपणाचं काय?

संघाचा पगार असलेल्या खेळांत हे करारात लिहिता येतं. अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉल लीगच्या २०२०च्या करारात बाळंतपणाच्या काळात पूर्ण पगाराची तरतूद आली. रोडिओत पगारच नाही, म्हणून रजा कोणाकडे मागणार? रोडिओ सुटले की कमाई थांबते, कमाई थांबली की पहिल्या पंधरातून नाव जातं. म्हणून जॅकी क्रॉफर्डच्या विजेतेपदाकडे मी नुसतं प्रेरणादायी म्हणून बघत नाही. तिची हिंमत आहेच. पण तिच्याकडे दुसरा पर्याय कितीसा होता, हेही बघायला हवं.

मेक्सिकोच्या एस्कारामुसाला रोडिओ म्हणायचं का?

नाही, पण सख्खी बहीण म्हणता येईल. चारेरिया हा मेक्सिकोचा गुराखी-खेळ, २०१६पासून युनेस्कोच्या वारसा यादीत. त्यातला एस्कारामुसा हा बायकांचा प्रकार : आठ बायकांचा एक चमू दोन्ही पाय घोड्याच्या एकाच बाजूला ठेवून, घेरदार पोशाखात, भरधाव वेगात एकमेकींना छेदत जाणाऱ्या आकृत्या करतो. १९५०च्या दशकात सुरू झालेला हा प्रकार दिसायला नाजूक आणि करायला जिवावरचा. एकीचा क्षणभर अंदाज चुकला तर दोन घोडे एकमेकांवर.

रोडिओत जनावरांचे हाल होतात. त्यात समानता मागून काय मिळवायचं?

हा वेगळा प्रश्न आहे आणि रास्त आहे. बायका आल्याने तो सुटत नाही, बायकांना वगळल्यानेही सुटला नव्हता. ज्यांना रोडिओच नको आहे त्यांनी तो सगळ्यांसाठी नको म्हणावा.

आज एखादी बाई बैलावर बसते का?

बसते, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बायकांच्या स्वतंत्र रोडिओत बेअरबॅक आणि बुल रायडिंग बरीच वर्षं होतं. आठऐवजी सहा सेकंद, आणि हवं तर दोन्ही हातांनी धरायची मुभा. जॉनी जॉन्कोव्स्की ही त्यातली गाजलेली स्वार, १९९१ साली काऊगर्ल हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं. नंतर हे प्रकार आटत गेले. कॅनडाच्या कायला मसेलने पुरुषांच्या सॅडल ब्रॉंकमध्ये व्यावसायिक पातळीवर उतरून दाखवलं. नियमाने वाट बंद नसली तरी सराव मिळायला लहानपणापासून जनावर, शिक्षक आणि रिंगण लागतं, आणि शाळेच्या रोडिओतच मुलगे बैलाकडे, मुली पिंपांकडे, अशी वाटणी होऊन जाते.

उलट विचारतो : पुरुषांना बॅरल रेसिंग करता येतं का?

पीआरसीएच्या रोडिओत नाही, तिथे हा प्रकार बायकांचाच. पण नॅशनल बॅरल हॉर्स असोसिएशनसारख्या खुल्या स्पर्धांत पुरुष आणि मुलगे सर्रास उतरतात, आणि जातिवंत बॅरल घोडे तयार करणाऱ्या प्रशिक्षकांत पुरुष भरपूर आहेत. समलिंगी समाजाच्या रोडिओंत, ज्यांची सुरुवात १९७६ साली नेवाडातल्या रीनोला झाली, प्रत्येक प्रकार सगळ्यांना खुला असतो. तिथे पुरुष पिंपांभोवती फिरतात आणि बायका बैलावर बसतात. वेळा आणि गुण तिथेही नेहमीसारखेच लिहिले जातात.